कोरा रकाना

संध्याकाळी सहाच्या सुमाराला मागचं दार उघडायचं. आधी वास आत यायचा, मग बाबा. जवसाच्या तेलाचा, सरसाचा आणि नुकताच रंधा मारलेल्या लाकडाचा तो वास होता. भुवयांत अडकलेला भुसा तसाच ठेवून ते हात धुवायला उभे राहायचे. स्वयंपाकघरातल्या त्या स्टीलच्या सिंकला आई शेवटपर्यंत मोरीच म्हणत आली. हिरव्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, की ते खिडकीपाशी बसत आणि डोळे मिटत. तोवर मी टेबलावर चोपडी उघडलेली असे. लाल कापडी बांधणीची, आडवी उलगडणारी, खेडच्या बाजारातून आणलेली. पानाच्या डोक्यावर श्री, डावीकडे जमा, म्हणजे समोरच्याकडून आलेलं; उजवीकडे नावे, म्हणजे त्याला दिलेलं. "लिही, बाय," असं म्हणून ते सांगायला लागत. बेकरीवाला, खिडकीची चौकट, खालची फळी बदलली, अर्धा दिवस. मी विचारी, पैसे किती? बऱ्याचदा उत्तर येई, "राहू दे."

तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. मराठी मी आईकडून घरीच शिकले होते, आणि ते लिहायला मिळण्याची माझी एवढी एकच जागा होती. शाळेत दिवसभर डच. हॉलंडमधल्या रायस्वाइक गावातल्या आमच्या गल्लीत आमच्याखेरीज कोणी भारतीय नव्हतं. आज त्याच गल्लीतून चालताना दोन खिडक्यांतून फोडणीचा वास येतो, आणि दरवेळी मी क्षणभर थांबते.

बाबा जहाजावर सुतार होते. रॉटरडॅमला एकदा उतरलो तो परत चढलो नाही, इतकंच ते सांगायचे. मग कुणाच्या तरी हाताखाली जिने बसवायची कामं केली, आईला आणलं, आणि पुढे डेक्कर नावाच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने आपल्या काचघरांमागची जुनी शेड त्यांना कामाला दिली. तिथे पूर्वी टोमॅटोच्या पेट्या भरत. बाबांनी खिडकीखाली बाक बसवला, भिंतीवर पटाश्या मापाप्रमाणे लावल्या आणि एका कोपऱ्यात गणपतीची तसबीर टांगली. भाड्याचं बोलणं कधी झालं नाही. काचघराची सडकी चौकट बाबा बदलून द्यायचे, आणि उन्हाळाभर आमच्या मागच्या पायरीवर टोमॅटोची पेटी येऊन पडायची. आई त्याचं सार करी. शुक्रवारी मासेवाल्याची गाडी यायची. त्याच्या गाडीचा मासे मांडायचा फळा बाबांनीच नव्याने करून दिला होता, म्हणून तो चार बांगडे कागदात गुंडाळून द्यायचा. आई हेगमधल्या सुरिनामी दुकानातून तांदळाचं पीठ आणायची आणि गावाहून आलेली आमसुलं मोजून वापरायची. तव्यावर भाकरी फुगतानाचा तो बारीक फुसकारा आणि मागे रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा आवाज, हे दोन्ही माझ्या मनात एकत्रच राहिले आहेत.

हे सगळं वहीत होतं. डावीकडे: डेक्कर, टोमॅटो, एक पेटी. उजवीकडे: डेक्कर, चौकट दोन, एक दिवस. टोमॅटोच्या पुढचा पैशाचा रकाना कोरा, चौकटींच्या पुढचाही कोरा. बाबांचे आजोबा गावचे सुतार. नांगर, दारं, पाळणे, ज्याला जे लागेल ते वर्षभर करून द्यायचे आणि भात झोडपून झालं की घराघरातून बलुतं यायचं. कुणाचं किती झालं हे कोणी बेरीज करून बघत नसे. बेरीज केली म्हणजे संबंध संपवायचा आहे असा अर्थ व्हायचा. आणि मयताच्या घरचं काम असेल तर ते लिहायचं, पण त्याच्यापुढे आकडा कधीच घालायचा नाही. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ते बाबांना इतकं उघड होतं की सांगायचं असतं हेच त्यांना सुचलं नसावं.

पुढे माझी सगळी नोकरी जुनी हस्ताक्षरं वाचण्यात गेली. निवृत्तीच्या सुमाराला माझ्याकडे एक वही वाचायला आली. अमेरिका नवी असतानाच्या काळात, हडसन नदीच्या काठी राहणाऱ्या एका सुताराची. घराणं डच, म्हणून लिहिणंही मोडक्या डचमध्ये. एकाला बैलगाडीचं चाक करून दिलं, त्याबद्दल त्याने अर्धा दिवस नांगरट केली. दुसऱ्याला खुर्च्या दिल्या, त्याने लोकर दिली. कित्येक वर्षं खाती उघडीच राहायची, मग कधीतरी दोघं समोरासमोर बसून सही करायचे. पहिल्या दिवशी ती पानं उलटताना मला जवसाच्या तेलाचा वास आला असं वाटलं. पण हा माणूस शवपेट्यांच्या पुढे मात्र किंमत लिहायचा, लांबीप्रमाणे, अगदी लहान मुलाच्याही. त्याची बायको गेली तेव्हा तिच्या पेटीची किंमतही त्याने लिहिली आहे, आणि ती स्वतःच्याच नावे टाकली आहे. त्या पानावर मी बराच वेळ अडकून पडले होते.

डेक्कर गेले ते पानगळीत. काचघरातच, मोजे सुकत घातलेल्या हीटरशेजारी बसल्या जागी. डेक्करबाई स्वतः शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बाबांना म्हणाल्या की पेटी तुम्हीच करा, त्यांनी तसं बोलून ठेवलं होतं. बाबा साडेतीन दिवस घरी फक्त जेवायला आले. मी एकदा शाळेतून परस्पर शेडमध्ये गेले होते. लार्च या देवदारासारख्या लाकडाच्या रुंद फळ्या, त्यांतली तांबूस रेघ पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जाईल अशी त्यांनी जुळवली होती. कोपरे खाचा पाडून बसवले होते, खिळा कुठेच नव्हता. "हे मातीत जायचं आहे ना?" मी विचारलं. ते म्हणाले, "म्हणून काय झालं?" त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं ते मी उजव्या बाजूला लिहिलं: डेक्कर, पेटी, लार्च, साडेतीन दिवस. पैशांचं मी विचारलं नाही. ते खूप दमलेले दिसत होते.

त्याच वर्षी शाळेत आम्हाला हिशेबलेखन सुरू झालं होतं. तो विषय मला फार आवडायचा. आमच्या सरांचं एक ठरलेलं सांगणं होतं की प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा हवा, नाहीतर ती ओळ म्हणजे नुसती गोष्ट. मला ते पटलं होतं. इकडे घरात ओढाताण होती. लाकूडवाल्याने उधारी बंद केली होती, करखात्याचं निळं पाकीट आलं होतं, आणि आईने थंडीचा कोट पुन्हा एकदा उलटवून शिवला होता. अशातच गावाहून तार आली की आजी अंथरुणाला खिळली आहे. होते नव्हते ते पैसे तिकिटाला घालून बाबा गेले. मी आणि आई दोघीच राहिलो. शेडला कुलूप. संध्याकाळी सहाला मी सवयीने चोपडी काढायची आणि लिहायला काहीच नसायचं.

मग मी मागची पानं चाळायला लागले. तीन वर्षांचे कोरे रकाने. मला वाटलं बाबांना भीड पडते. बिलं डचमध्ये लिहावी लागतात आणि ते त्यांना जमत नाही, म्हणून ते "राहू दे" म्हणतात. मी दिवसाचा दर ठरवला, लाकडाचे भाव जुन्या पावत्यांवरून काढले, आणि सरांनी शिकवलं होतं तशी अकरा बिलं सुवाच्य अक्षरात तयार केली. आईला डच वाचता येत नव्हतं. बाबांच्या कामाची बिलं आहेत म्हटल्यावर तिने तिकिटं चिकटवली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मला अजून जाणवतो. अकरातलं एक बिल डेक्करबाईंचं होतं. पेटी, साडेतीन दिवस, लार्चच्या सहा रुंद फळ्या, एकूण इतके गिल्डर. त्यांना तोवर विधवा होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

बेकरीवाला कुरकुरला आणि अर्धेच पैसे दिले. मासेवाल्याने पूर्ण दिले, आणि पुढच्या शुक्रवारी चार बांगड्यांचे पैसे मागितले. डेक्करबाई पत्र मिळालं त्याच दुपारी आल्या. टोपी, हातमोजे, हातात पाकीट. आईने त्यांना बसा म्हटलं, पण त्या उभ्याच राहिल्या. त्यांनी मला पैसे मोजून घ्यायला लावले आणि पोचपावती मागितली. मी ती लिहीत असताना त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "हे तुझ्या वडिलांनी करायला सांगितलं?"

मी मान वर न करता हो म्हणाले.

त्यांनी पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली, पर्समधून पेपरमिंटची एक गोळी काढून टेबलावर ठेवली आणि गेल्या. मला इतकंच वाटलं की आता लाकूडवाल्याचं भागेल.

बाबा परत आले ते डोक्याचे केस काढलेले. आजीचं दिवसकार्य करून आले होते. आईने विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं. घरामागचा आंबा तोडला, गाव जमला होता, कुणाला काही सांगावं लागलं नाही, लाकूड ज्याचं त्याने आणलं. मग हातपाय धुऊन ते खिडकीपाशी बसले आणि मी मोठ्या उत्साहाने चोपडी पुढे केली. सगळे रकाने भरलेले. प्रत्येक आकड्याखाली पट्टीने ओढलेली रेघ. ते एकेक पान उलटत गेले. डेक्करांच्या पानावर बोट थांबलं.

"कुणी सांगितलंन तुला?"

कुणी नाही, म्हटलं. मग बाकीचंही सांगितलं. डेक्करबाई आल्या होत्या, त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं "हं" केलं, पाकीट मागून घेतलं आणि कोट चढवला. मलाही चल म्हणाले. कामापुरतं डच त्यांना येत होतं, पण असल्या बोलण्याला ते पुरेल असा त्यांना विश्वास नव्हता.

डेक्करबाईंच्या स्वयंपाकघरात एक खुर्ची टेबलाखाली पूर्ण आत सारलेली होती. त्यांनी कॉफी दिली, डब्यातून एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. बाबांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले की हे मला घेता येत नाही. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. बिल तुमच्याकडून आलं होतं, त्या म्हणाल्या. बाबा हो म्हणाले. "म्हणजे मुलीला तुम्हीच सांगितलं होतं?"

मी टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत होते. त्यावर लिंबांची चित्रं होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो," ते डचमध्ये म्हणाले, "मीच."

"मग ठीक आहे." बाईंचा आवाज चढला नव्हता. उलट कसलंतरी ओझं उतरल्यासारखा होता. "तुम्ही काम केलंत, मी पैसे दिले. आता कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही. मला असंच बरं वाटतं. तो गेल्यापासून कुणाचं काय देणं आहे हेच मला समजत नव्हतं."

बाबांनी पाकीट पुन्हा खिशात ठेवलं. कॉफी मात्र संपवली, सगळी. परत येताना कालव्याच्या काठाने चालत होतो. काचघरांतले दिवे लागले होते आणि धुक्यात त्यांचा पिवळा धूर झाला होता. ते म्हणाले, "लाकूड त्यांचंच होतं, बाय. स्वतःसाठी म्हणून माळ्यावर ठेवलेलं."

म्हणजे नवऱ्याने स्वतःसाठी जपून ठेवलेल्या फळ्यांचे पैसे मी त्याच्या बायकोकडून मोजून घेतले होते. आणि बिल वाचताना त्यांना ते दिसलं नसेल हे शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी नेहमीसारखी टेबलाशी बसले, पेन उघडलं. बाबांनी चोपडी हलकेच फिरवून स्वतःकडे घेतली. "तू अभ्यास कर," म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. एकेक अक्षर ते पटाशीने कोरल्यासारखं काढत. मी समोर भूगोलाचं पुस्तक धरून तो कागदावरचा करकर आवाज ऐकत राहिले. त्यानंतर त्यांनी मला कधीच लिहायला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

उन्हाळ्यात टोमॅटो आले नाहीत. त्याआधी वसंतात डेक्करबाईंचं टाईप केलेलं पत्र आलं होतं, अत्यंत सभ्य, शेडच्या भाड्याच्या कराराचं. बाबांनी सही केली. वर्षभर भाडं भरलं, मग जमीन घरबांधणीला गेली आणि शेड पाडली. कदाचित ती तशीही गेली असती. माझ्या धाकट्या बहिणीला, ती या सगळ्यानंतर जन्मलेली, तसंच वाटतं, आणि ती मला तसं सांगत असते. बाबा दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि पेन्शनपर्यंत तिथेच राहिले. तिथे यंत्रांच्या आवाजामुळे कानांवर टोप्या घालाव्या लागत. भुशाच्या दाबलेल्या फळ्या यंत्रातून निघायच्या, त्यांच्या कडांना पट्टी चिकटवायची. संध्याकाळी मागचं दार उघडायचं, पण आधी वास यायचा नाही.

हूफडॉर्पला माझ्या भाचीकडे गेलं की तिच्या मैत्रिणी जमतात. पुण्याच्या, हुशार मुली. जेवण झालं की हसतखेळत फोनवर प्रत्येकीचा वाटा पाठवतात, सेंटापर्यंत, आणि उठायच्या आत सगळ्यांचे पैसे पोचलेले असतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. हे सगळं मी त्यांच्या आधी केलं आहे.

शेवटच्या वर्षांत बाबांना फार ऐकू येत नसे. मी रविवारी जायची. एकदा मी त्यांना त्या अमेरिकेतल्या सुताराबद्दल सांगितलं. चाक, लोकर, नांगरट. ते मान हलवत राहिले. मग बायकोच्या पेटीचंही सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही त्या विषयाच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

"लाकूड कुठलं?" त्यांनी विचारलं.

"चेरी."

"चांगलं असतं." ते खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "त्याची वही लिहायला कोणी नव्हतं काय?"

"नव्हतं. स्वतःच लिहायचा."

"हां," ते म्हणाले आणि चहा मागितला.

यंदा जानेवारीत ते गेले. इथे दहनालाही पेटी लागते. दहनगृहातल्या तरुणाने माझ्यासमोर चित्रांची वही ठेवली आणि मी त्यातली एक निवडली. बाबा असते तर त्यांनी कडेवरून अंगठा फिरवून पाहिला असता.

मार्चमध्ये त्यांचं कपाट आवरताना चोपड्या निघाल्या. कारखान्याच्या वर्षांतही ते लिहीत होते, शनिवारची शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामं. पहिल्या चोपडीच्या पाठच्या पुठ्ठ्याच्या खिशात डेक्करबाईंचं पाकीट होतं, गिल्डर तसेच. शेवटच्या चोपडीत, सगळ्यात मागे, माझ्या नावाचं एक पान होतं. वर श्री. खाली, कोरून काढलेल्या अक्षरांत, बाय. उजवीकडे, नावे: पुस्तकांचं कपाट. लिहायचं टेबल. पाळणा. टेबलाचा पाय, दुरुस्त. पुस्तकांचं कपाट, दुसरं. पान जवळजवळ भरलेलं. डावीकडे, जमेला, एकच ओळ: वही लिहिली, तीन वर्षं. आकडा दोन्ही बाजूंना कुठेच नव्हता, आणि खाली रेघही नव्हती.

ते पान मी आठवडाभर टेबलावर उघडंच ठेवलं होतं, त्यांनीच केलेल्या टेबलावर. मग दहनगृहाचं बिल आलं. तिसऱ्या ओळीत पेटी, तिच्यापुढे रक्कम. मी ते त्याच दिवशी भरलं. संध्याकाळी पेन उघडलं आणि डाव्या बाजूला, त्यांच्या ओळीखाली, बऱ्याच वर्षांनी त्यांच्या वहीत लिहिलं: पेटी. पुढचा रकाना कोरा ठेवला.